घाटातच लागणारा दिवा

दसऱ्यानंतरचा आठवडा आमच्या धंद्यात पाण्याचा आठवडा असतो. खंडेनवमीला आमच्याकडे घरोघर गाड्या धुतात. नुसत्या बाहेरून धुतल्या तर माझं काही म्हणणं नाही. पण बॉनेट उघडल्याशिवाय आमच्या लोकांची भक्ती पुरी होत नाही. पाइप लावायचा, तोंडाशी बोट धरून धार वाढवायची आणि इंजिनात पोचेल तिथवर पाणी मारायचं. मग बॅटरीवर हळदीकुंकू, एअर फिल्टरच्या डब्यावर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की हीच मंडळी माझ्या दारात उभी. ‘कालपतूर गाडी झ्याक होती वो.’ कालपर्यंत होतीच. आज तिच्या कनेक्टरात पाणी आहे.

मी साताऱ्यात गॅरेज चालवतो, पण माझ्या हातात पान्यापेक्षा स्कॅनर जास्त असतो. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात वायर खुपसायची, गाडीच्या कॉम्प्युटरने कुठला कोड नोंदवून ठेवलाय ते वाचायचं आणि तो का आला याचा माग काढायचा. लोकांना वाटतं कोड वाचला की आजार कळला. तसं नसतं. कोड ही नुसती तक्रार असते, आणि तक्रार करणारा खरं बोलतोय की नाही हे तपासण्यात दिवस जातो. हे समजावताना माझा आवाज चढतो असं गिऱ्हाइकं म्हणतात. बायकोही म्हणते. चढत असेल.

तर गेल्या दसऱ्यानंतर, अशीच गर्दी असताना दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावातून तो फौजेत ड्रायव्हर म्हणून गेला आणि सगळी नोकरी त्याने डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर गावात बसला नाही. मोठी डिझेल गाडी घेतली आणि वहिनीला घेऊन महाबळेश्वरला टॅक्सीच्या धंद्यात उतरला. पेन्शन आहे, ऊस आहे; गाडी काही त्याला पोटासाठी लागत नाही. पण सकाळी उठून गाडी पुसली नाही तर त्याला दिवस उजाडल्यासारखं वाटत नाही. चप्पल काढून, सीटमागे ठेवून, अनवाणी गाडी चालवायची ही त्याची जुनी रीत. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चप्पल घालून बसायचं नाही, हे एक कारण. दुसरं त्याने मला गाडी शिकवताना सांगितलं होतं, ‘पायाला गाडी कळली पायजे.’ मी शेताच्या बांधावर अनवाणीच क्लच शिकलो.

फोनवर तो म्हणाला, “घाटात पिकअप जातंय रं. ॲक्सिलरेटर दाबलाय तरी मरगळती. दिवा लागतो. मग जरा येळानं परत येतं.”

“इंजिन धुतलं होतंस?”

“धुतलं की. दसरा न्हवं का?”

मी हसलो. त्याला भरपूर बोलून घेतलं, धाकट्याला परवडेल एवढं, आणि गाडी खाली आणायला सांगितली.

कोड होता पी दोन दोन नऊ नऊ. त्याचा अर्थ असा की ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकाच वेळी दाबल्याचं कॉम्प्युटरला दिसतंय. तसं दिसलं की तो ब्रेकचं ऐकतो आणि इंजिनाचा जोर काढून घेतो. शहाणपणाची सोय आहे. आता दोन्ही पेडल एकदम कोण दाबेल? शिकाऊ पोरगं दाबेल, फौजेचा ड्रायव्हर नाही. म्हणजे ब्रेक पेडलपाशी जो लहानसा स्विच असतो, तो ब्रेक न दाबताच ‘दाबला’ म्हणत असणार. पूजेचं पाणी कुठूनतरी तिथे उतरलं असणार. मी कनेक्टर उघडले, हवा मारून सुकवले, स्विच नवा टाकला आणि कोड पुसला. दादा समाधानाने गेला. कोड पुसला की तो नेहमीच समाधानी असतो. दिवा गेला म्हणजे दुखणं गेलं, असा त्याचा हिशोब.

पुढच्या फोनला त्याचा आवाज वेगळा होता. पसरणीच्या घाटात, वाईकडून वर चढताना, वळणावर गाडी पुन्हा मेली. गाडीत पाहुणे होते; एक म्हातारी, लेकरं, सगळं कुटुंब. गाडी थोडी मागे सरकली. मागे एसटी होती, तिच्या ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. दादाने हँडब्रेक ओढला म्हणून थांबली.

“म्हातारी देवाचं नाव घ्याया लागली,” तो म्हणाला. बर्फावरून ट्रक घसरल्याच्या गोष्टी हसत सांगणारा माणूस हा. या वेळी तो हसत नव्हता.

त्या दिवसापासून ही गाडी माझ्या डोक्यात जाऊन बसली. भरलेली गाडी, एका अंगाला दरी आणि मधेच जोर सोडणारं इंजिन. आणि स्टिअरिंगवर माझा भाऊ. जेवताना तेच, आंघोळीला तेच. बायको म्हणाली, दुसऱ्याच्या गाड्या एवढ्या मनाला लावून घेत नाही तुम्ही. मी तिच्यावर खेकसलो.

पुन्हा गाडी घेतली. कोड नोंदवताना कॉम्प्युटर त्या क्षणाची स्थितीही टिपून ठेवतो. वेग किती, इंजिनाचे फेरे किती, कुठलं पेडल किती दाबलेलं. दर वेळी चित्र तेच. वेग कमी, ॲक्सिलरेटर निम्म्याच्या आसपास दाबलेला, ब्रेक चालू. सगळं घाटातलं. मी ॲक्सिलरेटरचं अख्खं पेडल सेन्सरसकट बदललं. पायापासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर हातभर हातभर तपासली. उंदराने कुरतडलीय का बघितलं. उसाच्या पट्ट्यात तोही रोग आहे. वायर धडधाकट होती. कोड पुसला, दादाला गाडी दिली, पुन्हा दिवा.

उरला कॉम्प्युटर. सांगलीत एक जण गाड्यांचे कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करतो. मी स्वतः गाडी घेऊन सांगलीला गेलो. त्याने डबा काढून टेबलावर जोडला, दिवसभर त्याला गरम केला, हलवला, खोटे सिग्नल देऊन बघितलं. मी दुकानाबाहेर स्टुलावर भडंग खात बसलो होतो. संध्याकाळी तो म्हणाला, “ह्याला कायबी झालेलं न्हाई.” मी त्याला दोनदा विचारलं. तो चिडला. मीही चिडलो. मग चहा घेतला.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाईवरून घाट चढलो. मागे वाळूची पोती टाकली होती, भरलेल्या गाडीसारखं वजन व्हावं म्हणून. वळणावर थांबलो, चढावर उचलली, ब्रेक मारले, सोडले. दिवा नाही. खाली आलो, पुन्हा चढलो. गाडी माझ्यासमोर शहाण्या सुनेसारखी वागत होती. तशीच महाबळेश्वरला नेऊन दादाच्या हाती दिली. दोन दिवसांनी फोन आला, लागला दिवा.

आता मी गाडीवर खरंच रागावलो. म्हटलं, तू चालवताना मी शेजारी बसतो, स्कॅनर लावून. बघू कशी नखरे करते.

सकाळी वर पोचलो. वहिनीने चहा टाकला. दादा गाडी काढायला म्हणून उठला आणि अंगणात गेला. त्याची एक चप्पल उंबऱ्याजवळच राहिली होती. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असा तो ओल्या फरशीवरून, बारीक खडीवरून गाडीपर्यंत चालत गेला.

“असंच करत्यात,” वहिनी हसत म्हणाली. “परवा बाजारातनं एकाच चपलीवर घरी आले. मी म्हनलं, दुसरी कुठं हाय? तर खाली बगून मलाच इचारत्यात, कुठं हाय?”

मीही हसलो. ती दादासाठी चहा वेगळा, बिनसाखरेचा करत होती. साखर वाढलीय, गोळ्या दिल्यात, पण घेतील तर शपथ, असं ती सांगत होती. मी हो हो करत स्कॅनरची वायर सोडवत होतो.

आम्ही वाईपर्यंत उतरलो. उतारावर काही झालं नाही. खाली गाडी वळवली आणि चढ सुरू झाला. दादाने सवयीप्रमाणे चप्पल मागे ठेवलेली, एक काच खाली, कोपर बाहेर. मी मांडीवर स्कॅनर धरून बसलो होतो. पडद्यावर गाडी जे जे जाणते ते सगळं दिसतं. पेडल दाबलं की आकडा चढतो, ब्रेकला पाय लागला की शब्द बदलतो. पहिली वळणं नीट गेली. एका वळणावर समोरून ट्रक आला, दादाने ब्रेक दाबून गाडी जवळजवळ थांबवली, ट्रक गेला, आणि त्याने पुन्हा जोर दिला. आकडा चढला. ब्रेकचा शब्द बदलला नाही. ब्रेक चालू, ॲक्सिलरेटर चालू. मग इंजिनाने मान टाकली आणि पिवळा दिवा लागला.

“बग,” दादा म्हणाला. “बगितलंस? आसंच करतीय.”

“ब्रेकवर पाय हाय का तुजा?”

“न्हाई.”

“नीट सांग.”

“न्हाई म्हनतोय न्हवं. ॲक्सिलरेटरवर हाय.”

मी पडद्यावरून नजर काढून खाली बघितलं. त्याचा मोठा, काळा, अनवाणी पाय दोन्ही पेडलांवर आडवा पडला होता. अंगठ्याची बाजू ब्रेकच्या कडेवर, करंगळीची बाजू ॲक्सिलरेटरवर. ब्रेकची कड तळव्यात रुतली होती. आणि तो समोर रस्त्याकडे बघत, अगदी खऱ्या मनाने सांगत होता की पाय तिथे नाही.

स्विच खरं बोलत होता. पेडल, वायर, सांगलीला दिवसभर तापवलेला तो डबा, सगळे पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. मला वहिनीचं हसणं आठवलं, एकाच चपलीवर घरी येणं आठवलं आणि तो बिनसाखरेचा चहा.

“दादा, गाडी बाजूला घे.”

“कशाला? आत्ता धरंल परत.”

“घे म्हनतो न्हवं बाजूला!”

त्याच्यावर मी जन्मात आवाज चढवला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत, दगडी कठड्याशी गाडी उभी केली. आम्ही दोघं खाली उतरलो. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. एक बाई कणसं भाजत होती आणि तिच्यासमोर माकडं बसली होती.

मी त्याला सांगितलं. शब्द शोधत बसलो असतो तर सांगणं झालंच नसतं, म्हणून सरळ सांगितलं. तुझा पाय दोन्ही पेडलांवर होता आणि तुला कळलं नाही.

“येडा हायस का तू? हयात गेली माजी पेडलावर. त्या मशिनीत बगून मला शिकवतोस?”

“मशिनीत बगून न्हाई. पाय बगून सांगतोय.”

तो कठड्यावर बसला. पाय खाली सोडून त्यांच्याकडे बघत राहिला, जणू त्यांनीच काही सांगावं.

“जड वाटत्यात,” तो शेवटी म्हणाला. “पावसाळ्यापासनं. गादीवर पाय ठिवल्यागत. बरफात राहिल्यालं पाय हायत, वयानं व्हतंय आसंच.”

“वयनीला सांगितलंस?”

“तिला कशाला सांगू? ती लगेच भोकाड पसरंल.” मग जरा थांबून, “पूस ते कोड आन चल. डाक्टरला दावतो ह्या आठवड्यात.”

“पुसणार न्हाई.”

“मग पायाकडं बगून चालवीन.”

“घाटात रस्ता बगशील का पाय बगशील?”

“लायसन काय तुज्या बापानं दिलंय?” तो ओरडला. मग आमचा बाप एकच होता हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याच्या तोंडावर क्षणभर हसू येऊन गेलं. ते गेल्यावर मात्र तोंड पार उतरलं.

“काय करू मग मी?” तो म्हणाला. “घरी बसून तुज्या वयनीसंगं लसूण सोलू?”

त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. किल्ली काढून घेतली असती आणि वर चार शब्द सुनावले असते. पण ज्याने मला मागे बसवून सायकल हाणली, पहिल्या पगारातून माझी शाळेची फी भरली, त्याच्या हातातून स्टिअरिंग कसं काढून घ्यायचं? धाकट्याने थोरल्याला ‘तू आता बस’ म्हणायची रीत आमच्या घरात नाही. थोरला म्हणतो, धाकटा बसतो. मी कठड्याशी उभा होतो आणि खालच्या वळणावरून वर येणाऱ्या गाड्या बघत होतो. प्रत्येक गाडीत माणसं होती. काचेला नाक लावलेली पोरं होती. पुढच्या रविवारी अशीच पोरं दादाच्या मागच्या सीटवर बसणार होती.

“तपास की मग,” दादा अचानक म्हणाला. “तू तपासनारा हायस न्हवं? कोडवर भरोसा ठिवू नये, तपासून बगावं, तूच म्हनतोस. तपास.”

“कसं तपासू?”

“मी डोळं मिटतो. तू माज्या बोटाला हात लाव. कुटल्या बोटाला लावलास ते सांगतो. बराबर आलं तर गाडी मीच घरी न्हेनार, आन परत ह्यो इषय काडायचा न्हाई.”

“आन चुकलं तर?”

“चुकायला काय झालंय?”

त्याने कठड्यावर नीट बैठक मारली, दोन्ही हात दगडावर टेकवले आणि डोळे मिटले. मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि त्याचा उजवा पाय माझ्या गुडघ्यावर घेतला. या पायांना हात लावायची मला सवय होती, पण ती नमस्काराची. वाकायचं, टेकवायचं, उठायचं. एवढ्या जवळून, एवढा वेळ मी ते कधी बघितले नव्हते. तळव्यावर ब्रेकच्या कडेचा लाल वळ उमटला होता. टाचेजवळ एक जुनी जखम होती, कसलीतरी, खडीची असेल. ती चिघळली होती आणि तिच्यात माती होती. दुखायला हवी होती.

मला मनापासून वाटत होतं की त्याने बरोबर सांगावं. इतकी तपासणी मी आयुष्यात केली, पण आपलं निदान खोटं निघावं म्हणून जीव कधी तुटला नव्हता. मी सगळ्यात सोपं बोट निवडलं. अंगठा. दोन बोटांत धरला आणि दाबला.

दादाचा चेहरा शांत होता. भुवया थोड्या आवळलेल्या, परीक्षेला बसलेल्या माणसाच्या असतात तशा. एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मी आणखी जोरात दाबलं. माझं नख पांढरं पडलं.

“लाव की,” दादा म्हणाला.

मी अंगठा तसाच घट्ट धरून बसलो होतो आणि डोळ्यांपुढचं सगळं अंधुक झालं होतं.

“लाव की रं. किती येळ?”

शेवटी त्याने डोळे उघडले. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली माझ्या हाताकडे. अंगठा अजून माझ्या चिमटीतच होता. मग त्याने वाकून, दोन्ही हातांनी धरून, तो पाय माझ्या गुडघ्यावरून उचलला आणि जमिनीवर ठेवला. टेकला की नाही ते वाकून बघितलं.

“किल्ली गाडीलाच हाय,” तो म्हणाला, आणि गाडीला वळसा घालून डाव्या दाराकडे गेला.